बंदूक बंद, धाक चालू



मागच्या वर्षी आमच्या केंद्रात एक बाई आली. अंगावर वळ नव्हते, डॉक्टरचा कागद नव्हता. नवऱ्याचा छत्रपती संभाजीनगरात चांगला चाललेला व्यवसाय, दोन मुलं इंग्रजी शाळेत. तक्रार काय, तर दिवाणखान्यातल्या भिंतीवरची बंदूक. (तिच्या परवानगीने, ओळख बदलून लिहिते आहे.)

बंदूक ठासणीची, जुन्या वस्तूंच्या लिलावात घेतलेली. नळी बुजवलेली, घोडा खिळवून टाकलेला. पाहुणे आले की नवरा ती खाली काढतो. कुठल्या पलटणीची, कोणत्या लढाईतली, बोली कितीपर्यंत चढली, सगळं रंगवून सांगतो. पाहुणे गेल्यावरही कधी कधी काढतो. भाजीत मीठ जास्त पडलेलं असतं, नाहीतर तिने माहेरी जायचं नाव काढलेलं असतं. बंदूक मांडीवर घेतो आणि फडक्याने पुसत बसतो. बोलत काहीच नाही. ती म्हणाली, "ताई, ती उडत नाही हे मलापण ठाऊक आहे. पण तो पुसायला लागला की माझे हातपाय गार पडतात."

पोलीस ठाण्यात तिला सांगितलं गेलं, "बाई, ती शोभेची वस्तू आहे." शस्त्र कायद्यापुरतं बोलायचं तर ते चुकलेही नव्हते. १९५९ च्या या कायद्यातल्या ४५ व्या कलमात अशा जुनाट, दुरुस्त करूनही न उडणाऱ्या बंदुकीला सूटच दिली आहे. कायदा नळी तपासतो. नळीसमोर रोज ताट वाढणारी बाई त्याच्या तपासणीत येत नाही.

तेव्हापासून मी लिलावाच्या बातम्या वाचायला लागले. (आमच्या घरात आजवर लिलाव झाला तो आजीच्या पाटल्यांचा, तोही सावकाराकडे.) मे २०२३ मध्ये लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानाची तलवार सुमारे १४० कोटी रुपयांना गेली. एवढे पैसे पोलादाचे नसतात. ती कोणाच्या मुठीत होती, याचे असतात. पण ती कोणासमोर उगारली गेली, ही चौकशी बोली लावणारा करत नाही. केली तर भाव पडेल अशी भीती असावी.

मग आपल्याच घरचं उदाहरण घेऊ. २९ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने लंडनच्या सोदबीजच्या लिलावातून नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार मध्यस्थामार्फत मिळवली. वाहतूक, विमा वगैरे धरून खर्च ४७ लाख १५ हजार. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली तेव्हा केवढं कौतुक झालं! पातं युरोपी, मुठीवर सोन्याचं काम, पात्यावर देवनागरीत सेनासाहेबसुभा रघूजींचं नाव. कोणालाही अभिमान वाटावा अशीच वस्तू आहे. ती परत आली याचा मलाही आनंद आहे. सरकारी खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्याबद्दल जे सांगितलं गेलं त्याच्या अर्धवटपणाबद्दल.

रघूजींच्या फौजा १७४० च्या दशकात वर्षामागून वर्षं बंगालवर चालून गेल्या. आपल्या इतिहासात ही बंगालची मोहीम. तिकडच्या बायकांच्या तोंडी तिला वेगळं नाव आहे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो शिपाई. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला आणि तो थेट अंगाईत जाऊन बसला. पावणेतीनशे वर्षं बंगाली आया लेकरांना बर्गी आल्याचं सांगून निजवत आल्या आहेत. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. जाळलेली गावं, पळणारी माणसं आणि बायकांवर झालेले अत्याचार त्यात आहेत. त्याच्या काव्याचं नाव आपल्या प्रांताचं आहे आणि आपल्यापैकी बहुतेकींनी ते ऐकलेलंही नाही!

तलवारीशेजारच्या पाटीवर बंगालच्या स्वारीचा उल्लेख 'विस्तार' एवढ्या शब्दात उरकू नये, एवढंच माझं म्हणणं. एक ओळ त्या अंगाईबद्दल लिहा. पराक्रम त्याने वितळून जाणार नाही.

बैठकीत एकीने विचारलंच, "म्हणजे संग्रहालयं बंद करायची का?" नाही गं. आमच्या शहरात महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात चिलखत आहे, हत्यारं आहेत, जुन्या पैठण्याही आहेत. वस्तीतल्या मुलींना घेऊन मी तिथे गेले आहे. ते चिलखत काचेआड असतं. रात्री कोणी ते काढून बायकोसमोर पुसत नाही. सार्वजनिक जागेतल्या वस्तूला निदान प्रश्न विचारता येतो. घरातल्या भिंतीवर टांगली की ती एका माणसाची होते आणि प्रश्न विचारणारीला घरातच राहायचं असतं.

आणि 'शोभेची' या शब्दावर आमच्या शहराने तरी विश्वास ठेवू नये. मे २०१८ ची दंगल आठवा. त्याच महिन्याअखेरीस ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि सुरे पोलिसांनी इथेच जप्त केले होते.

त्या बाईचं काय झालं? आम्ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. त्यातलं तिसरं कलम बंदूक उडते की नाही हे विचारत नाही. धमकी आणि मानसिक छळ तिथे हिंसाच धरले आहेत. अठराव्या कलमाखाली संरक्षण आदेश मागितला आहे आणि बंदूक घरातून हलवावी असंही लिहिलं आहे. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात काय भरावं यावर आमच्या वकीलताई अडल्या. हत्यार लिहिलं तर समोरचा वकील कलम ४५ काढणार, शोभेची वस्तू लिहिलं तर अर्जच हसण्यावारी जाणार. शेवटी तिने सांगितलं तेच लिहिलं: नवरा जी पुसत बसतो ती बंदूक.

पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. तिच्यासोबत आम्ही दोघी जाणार आहोत. बंदूक अजून भिंतीवरच आहे.