आप्त आणि आप्तवाक्य

व्हॉट्सॲपनें आपल्या रीतींत कांहीं फेरफार केला कीं घरोघर कुरकुर सुरू होते. एखादें बटण जागचें हललें तरी माझ्या वयाच्या माणसास घरांतील फडताळ कोणी हलविल्यासारखें वाटतें. मीही या कुरकुरणाऱ्यांपैकींच एक. परंतु अशाच एका फेरफारानें मला जो धडा शिकविला, तो आज वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

गोष्ट ऑगस्ट २०१८ मधील. शाळेंतून निवृत्त झाल्यावर रोज प्रातःकाळीं एक सुभाषित अर्थासह तीसेक नातलगांस व जुन्या विद्यार्थ्यांस पाठविण्याचा मीं नेम धरला होता. एके दिवशीं पांच नांवें निवडल्यावर सहावें कांहीं निवडतां येईना. फोन बिघडला असें समजून मीं तो सूनबाईच्या हातीं दिला.

“मामंजी, फोन धड आहे. आतां आलेला मजकूर एका वेळीं पांच ठिकाणींच पुढें धाडतां येतो. नवा नियम झाला आहे.”

सायंकाळीं येथें भाईंदरला आमच्या इमारतीखालच्या कट्ट्यावर हाच विषय निघाला. सणावारीं शुभेच्छा कशा द्याव्या, भजनी मंडळास निरोप कसा द्यावा, असें जो तो विचारूं लागला. “पोस्टानें आमच्या पत्रांना असा अडसर कधीं घातला नाहीं,” असें मीं म्हटलें, आणि तें सर्वांस फार आवडलें. घरीं जेवणें झाल्यावर तें मीं पुन्हां ऐकविलें.

सूनबाई हळूच म्हणाली, “राईनपाड्याची बातमी आपणच आम्हांला वाचून दाखविली होती ना?”

दाखविली होती. धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा गांवीं १ जुलै २०१८ रोजीं आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे पांच जण तेथें आले. मुलें पळविणारी टोळी हीच, अशा समजुतीनें जमावानें त्यांना धरलें आणि ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडून मरेपर्यंत मारलें. देशांत अन्यत्रही असेच बळी पडले होते. त्या दिवसांत फिरणारी एक चित्रफीत तर कराचींत, पालकांनीं मुलांस जपावें या हेतूनें तयार केलेली होती. उचललेलें मूल परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कापून ती आपल्याकडे खरी म्हणून फिरली. सरकारनें कंपनीस जाब विचारला. मग पुढें धाडलेल्या मजकुरावर तशी खूण उमटूं लागली आणि भारतांत पांचांची मर्यादा आली.

रात्रीं मीं माझाच फोन मागें मागें चाळून पाहिला. जून महिन्यांत मुलें पळविणाऱ्यांच्या टोळीचा एक इशारा मीं अकरा ठिकाणीं पाठविलेला आढळला. मला तो पुण्याहून वहिनींनीं पाठविला होता. वहिनी खोटें बोलणाऱ्या नव्हेत, एवढाच माझा आधार.

तर्कसंग्रह शिकवितांना मीच मुलांना सांगत असें कीं, शब्द हें प्रमाण खरें, परंतु तो आप्ताचा असावा. आणि आप्त म्हणजे जें जसें आहे तें तसें सांगणारा. मराठींत आपण आप्त म्हणतों तें नातलगांस. हे दोन अर्थ मीं एक करून टाकले. वहिनी माझ्या आप्त खऱ्या. पण त्यांनीं तें पाहिलें नव्हतें, ज्यानें त्यांना धाडलें त्यानेंही पाहिलें नव्हतें. मूळ वक्ता कोण, हें त्या साखळींत कोणासच ठाऊक नव्हतें.

सकाळीं मीं सूनबाईस हें सांगितलें. ती म्हणाली, “तो इशारा खोटा असावा असें मला तेव्हांच वाटलें होतें. पण आपल्याला कसें सांगावें?”

हें उत्तर मला अधिक लागलें. वडील माणसांस खोडून काढूं नये ही मर्यादा आपणच घरांत लावली. तिच्या आडोशानें माझी चूक अकरा घरीं गेली.

पुढें जानेवारी २०१९ मध्यें पांचांची मर्यादा सर्व जगास लागू झाली. एप्रिल २०२० पासून, ज्या मजकुरावर दोन बाणांची खूण असते, म्हणजे जो पुष्कळ हातांतून आलेला असतो, तो एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येतो. पांचांच्या मर्यादेनें पुढें धाडलेल्या मजकुराचें प्रमाण २५ टक्क्यांनीं घटलें, असें कंपनीनेंच सांगितलें आहे. उरलेलें काम मात्र यंत्राचें नव्हे. एकेक करून का होईना, मनुष्य खोटें धाडूं शकतोच.

आमच्या घरीं तेव्हांपासून एक रीत आहे. दोन बाणांचा मजकूर मी धाडण्यापूर्वी घरांतील धाकट्यांस दाखवितों. “आजोबा, हें कोणी पाहिलें?” असें नात विचारते. उत्तर नसेल तर तो मजकूर तेथेंच थांबतो. असें विचारण्याची मोकळीक धाकट्यांना वडिलांनींच दिली पाहिजे. ती त्यांनीं आपण होऊन घ्यावी अशी आपली शिकवण नाहीं.