आरशापुढची फळी

चित्रपट पाहताना पात्राच्या आरशापुढच्या फळीवर कोणती बाटली ठेवली आहे, न्हाणीघरात कोणत्या साबणाची वडी आहे, हे टिपत बसणारे काही प्रेक्षक असतात. साहित्याच्या वर्गात असा विद्यार्थी भेटला की आपण त्याला चौकस म्हणतो. चांगला वाचक म्हणायला मात्र तयार नसतो. कथानक, संवाद, व्यक्तिरेखा हे गंभीर विषय आणि साबण म्हणजे किराणा, अशी आपली समजूत आहे. मला ही विभागणी मान्य नाही. कादंबरीतील पात्राच्या सदऱ्याचे कापड आपण वास्तववादाची खूण म्हणून वाचतो आणि त्यावर पाच गुणांचा प्रश्नही काढतो. मग पडद्यावरच्या साबणानेच काय घोडे मारले आहे?

खरे तर चित्रपटात ही वस्तू कादंबरीपेक्षा अधिक बोलते, कारण चित्रपटाला वास नाही. तो मिळवून देण्याचे प्रयत्न झाले. १९५९ आणि १९६० साली अमेरिकेत चित्रगृहात प्रत्यक्ष सुगंध सोडण्याच्या दोन पद्धती एकामागून एक आल्या आणि लगेच मावळल्या. १९८१ च्या ‘पॉलिस्टर’ या चित्रपटाबरोबर तर खरवडून हुंगायची पत्रे प्रेक्षकांच्या हाती दिली होती. असो. हे उद्योग फसल्यावर वासासाठी तीनच वाटा उरतात: नटाचा चेहरा, संवादातले नाव आणि बाटलीवरची चिठ्ठी.

संवादातले नाव किती काम करू शकते, याचे उत्तम उदाहरण ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) मध्ये आहे. काचेपलीकडचा हॅनिबल लेक्टर हवा हुंगतो आणि समोरच्या तरुणीचे मलम कोणते ते सांगतो. ‘लेर द्यू तां’ हे अत्तर ती कधीकधी लावते, पण आज लावलेले नाही, हेही सांगतो. पाठोपाठ तो तिची पर्स, तिची चपला, तिचे गरीब मूळ सगळे उघडे करतो. ‘सेंट ऑफ अ वुमन’ (१९९२) मधला अंध कर्नल बायकांची अत्तरे नावानिशी ओळखतो, तेव्हा तो त्यांना प्रसन्न करत असतो. एकाच्या तोंडी तेच कौशल्य शस्त्र आहे, दुसऱ्याच्या तोंडी आर्जव. दोन्हीकडे गृहीत एकच: अत्तराला नाव असते आणि ते ओळखणारा माणूस जग पाहिलेला असतो.

आता हेच गृहीत घेऊन नगर जिल्ह्यातल्या (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या) एखाद्या गावात या. तिथे अत्तराला नाव नसते. ‘सेंट’ या एका शब्दात जगातली सगळी सुगंधी द्रव्ये बसतात आणि तो लावत नाहीत, मारतात. जत्रेत मिळतो तो कानात खोचायचा अत्तराचा फाया. साबणाच्या जाती दोन, अंगाचा आणि कपड्यांचा. चेहऱ्याला जे जे लावायचे ते ‘स्नो-पावडर’, आणि या जोडशब्दात नटव्या मुलीविषयीची टीकाही आयतीच आलेली. वस्तूचे नेमके नाव घेणे हीच इथे एक चैन आहे. म्हणून मराठी चित्रपटातले पात्र नाव घेऊन काही मागते तेव्हा कान टवकारावेत. ते शहरात जाऊन आले आहे किंवा जाऊ पाहते आहे.

अर्थात मराठी समाजाचा आणि ब्रँडचा संबंध जुना आहे. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय अभिनेत्री मराठीच होती, लीला चिटणीस. ‘कंगन’ (१९३९) आणि ‘बंधन’ (१९४०) या चित्रपटांनी घरोघरी पोहोचलेली ही पदवीधर नटी साबणावर आली, तेव्हा एक गंमत घडली. पडद्यावर जिचा वास येऊच शकत नव्हता, तिचा वास म्हणून प्रेक्षकाने वडी घरी आणली. चित्रपटाची उणीव दुकानाने भरून काढली, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १९८४ मध्ये दूरदर्शनवरच्या ‘ये जो है जिंदगी’ला विकोने प्रायोजकत्व दिले. पेंढरकरांच्या या मराठी कंपनीचे दंतमंजन आणि हळदीचे मलम मालिकेच्या आठवणीत असे मिसळले की आजही त्या पिढीतल्या अनेकांना एकाबरोबर दुसरे आठवते.

काही वस्तूंना तर चिठ्ठीही लागत नाही. दिवाळीच्या पहाटेच्या प्रसंगात जाड, गोल वडी दिसली की मराठी प्रेक्षक मनात ‘मोती’ म्हणतो. लाल, चौकोनी वडी दिसली की लाइफबॉय, आणि त्याबरोबर घराचे उत्पन्नही साधारण ठरते. कलादिग्दर्शकाने नाव झाकले तरी आकार चहाडी करतो. जुन्या काळच्या चित्रपटात उशिरा बाजारात आलेली बाटली दिसली, तर ती चूक पकडणाऱ्याला आपण हसू नये. ताम्रपटातला कालविपर्यास पकडणाऱ्या संशोधकाला आपण मान देतो. काम तेच आहे.

पण नुसते ओळखून थांबणे पुरेसे नाही, आणि इथे माझा या हौशी मंडळींशी मतभेद आहे. बाटली ओळखल्यावर विचारायचा प्रश्न हा की ती तिथे कोणी ठेवली? पात्राने, कलादिग्दर्शकाने की कंपनीने? ‘दबंग’ (२०१०) मधल्या गाण्यात झंडू बामचे नाव आले ते उपमा म्हणून. मालक कंपनीने आधी नोटीस पाठवली, मग समेट केला आणि गाण्यातल्या नर्तिकेलाच जाहिरातीत घेतले. ज्या बामचा वास आजीच्या पदराला असायचा, त्याची उपमा काही आठवड्यांत जाहिरात झाली. मालिकांचे तर विचारूच नका. एरवी त्यांच्या स्नानगृहात बिननावाच्या बाटल्या असतात, इतक्या स्वच्छ की तिथे कोणी कधी अंघोळ केली असेल असे वाटत नाही. आणि एखाद्या दिवशी अचानक सासू सुनेला एका विशिष्ट वस्तूचे गुण समजावू लागते. पहिल्या प्रकारात वास्तव पुसलेले असते, दुसऱ्यात विकलेले. पात्राची म्हणावी अशी बाटली दोन्हीकडे नाही.

सचिन कुंडलकरांच्या ‘गंध’ (२००९) या चित्रपटाने म्हणूनच वेगळी वाट धरली, असे मला वाटते. त्यातल्या पहिल्या कथेतली लग्नाच्या वयाची मुलगी एका विद्यार्थ्याच्या वासाने वेडावते, आणि तो वास कोणत्याही बाटलीतला निघत नाही. तो अगरबत्तीच्या कारखान्यात काम करतो, म्हणून त्याला तो वास आहे. म्हणजे सुगंध इथे विकत घेतलेला नाही, श्रमातून अंगाला लागलेला आहे. तिसऱ्या कथेत बाजूला बसलेली बाई घरातले सगळे वासावरून जाणते, कारण शिवायला तिला मनाई आहे.

श्रमाचा वास नेहमी इतका सुदैवी नसतो. अकोल्याजवळच्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) ज्यांनी वाचले आहे त्यांना मेलेली ढोरे ओढण्याचे काम आणि त्याचा अंगाला चिकटणारा वास वेगळा सांगायला नको. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) याच जिल्ह्यातल्या अकोळनेरात घडतो (संतकवी दासगणूंचे हे जन्मगाव). फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्याच्या घराला गाव जे काम सांगते, त्याचा वास पडदा देऊ शकत नाही. पण प्रत्येक प्रेक्षकाला तो ठाऊक असतो, आणि गावकऱ्यांच्या नजरेतून तो येतोच. या मुलाचा सगळा भरवसा ज्या वस्तूवर आहे ती कोणत्या दुकानात मिळत नाही: काळ्या चिमणीची राख. ती शालूवर टाकली की शालू वश होणार. अत्तराच्या प्रत्येक जाहिरातीचे वचन यापेक्षा निराळे काय असते? फरक इतकाच की जाहिरातीतला तरुण बाटली विकत घेतो आणि जब्याला गलोल घेऊन रानोमाळ हिंडावे लागते.

चौकस विद्यार्थ्याने ‘फँड्री’तली वस्तूंची यादी जरूर करावी. त्यात राखेची नोंद करायला विसरू नये, आणि शेवटी डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर रंगवलेल्या गाडगेबाबांचीही. गावे झाडून स्वच्छ करणाऱ्या त्या माणसाच्या चित्रासमोरून, गावाची घाण उचलायला लावलेला मुलगा चाललेला असतो.