फ्रीज तापतो घरात, कारण असतं डीपीवर

तीर्थपुरी (ता. घनसावंगी) : पारा ४२-४३ अंशांवर गेला की फ्रीज थंड करत नाही, कुलरची मोटार जळते, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स अडकतो, अशा तक्रारी गावोगावी सुरू होतात. कुणी कंपनीला नावं ठेवतं, कुणी 'यंदा ऊनच लई हाय' म्हणून सोडून देतं. ऊन आहेच, पण यंत्रं जळण्याला दुसरंही कारण आहे, ते म्हणजे कमी दाबाची वीज.

आधी उन्हाचं बघू. फ्रीज किती गरम खोलीत चालेल, याचा वर्ग ठरलेला असतो. 'एन' वर्ग ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ आणि 'टी' ४३ अंशांपर्यंत. पत्र्याच्या बंद खोलीत भर दुपारी ही मर्यादा सहज गाठली जाते. त्यात फ्रीज भिंतीला चिकटवलेला, वरून कापड टाकलेलं. मग आतली उष्णता बाहेर जाणार कुठून? अ‍ॅपल कंपनी तर आपला फोन ० ते ३५ अंशांतच वापरा असं सांगते. इथं मोबाईल ट्रॅक्टरच्या बोनेटवर उन्हात पडलेला असतो, नाहीतर उशीखाली चार्जिंगला.

आता विजेचं. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. ते १७० वर आले तर मोटारीचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, जास्त करंट ओढतो आणि तापतो. म्हणून लोक स्टॅबिलायझर घेतात. त्याने आपला फ्रीज वाचतो, पण स्टॅबिलायझर दाब वाढवून देताना लाईनमधून करंट जास्तच ओढतो. म्हणजे शेजाऱ्याचा दाब आणखी पडतो.

दाब पडतो कशाने? हा उसाचा पट्टा, मोटारी भरपूर. शेतवस्तीवरची घरं अनेकदा शेतीच्याच डीपीवर असतात. लाईट आली की ऑटोस्विचमुळे सगळ्या मोटारी एकदमच उचलतात. त्यात आकडे टाकलेले. डीपीसुद्धा एक यंत्रच आहे, तिच्यातलं तेल तापतं आणि एक दिवस डीपी जळते. मग मोटारी बंद अन् वस्ती अंधारात. म्हणूनच महावितरण 'ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा' असं वारंवार सांगते. कपॅसिटर बसवला की मोटार लाईनवरून करंट कमी ओढते आणि दाब सुधारतो. शेतातल्या कपॅसिटरचा फायदा असा घरातल्या फ्रीजला होतो.

घरात काय करता येईल? फ्रीजच्या मागे वीतभर जागा सोडा आणि मागची धूळ लाईट बंद करून झाडा. सेटटॉप बॉक्स टीव्हीवर किंवा दुसऱ्या यंत्रावर ठेवू नका. पत्र्यावर चुना मारा. इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर जागी ठेवा, त्यात डिस्टिल्ड वॉटरच टाका. चार्जिंग होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, त्यामुळे जवळ चूल नको. लाईट गेली की फ्रीजचं बटण बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

बाकीचं काम एकट्याचं नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून कुणाची मोटार किती एचपीची, कपॅसिटर कुणाकडे नाही, आकडे किती, याचा हिशोब मांडावा. दाब सतत कमी असेल तर १९१२ वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. वीज नियामक आयोगाच्या मानकांप्रमाणे ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलून मिळायला हवी. दाद लागली नाही तर वीज कायदा २००३ नुसार नेमलेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. तिथं तोंडी सांगून भागत नाही, तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लागते. दर उन्हाळ्यात नवा स्टॅबिलायझर घेण्यापेक्षा हा कागद स्वस्त पडतो.