विमानाचा बोल्ट आणि आपलं 'चालतंय की'

कोल्हापूर, जळगाव, नांदेडहून आता विमानं उडतात. ज्यांनी जन्मभर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, ती माणसं आज बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला ठेवतात. छानच आहे. पण 'तांत्रिक कारणामुळे विलंब' अशी सूचना झाली की काउंटरवरच्या पोरीवर जो आरडाओरडा सुरू होतो ना, त्याबद्दल थोडं लिहायचंय.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. ८१ प्रवासी. १७ हजार फुटांवर कॅप्टनसमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आतल्या लोकांनी त्याचे पाय धरून ठेवले. तो गेला असं वाटत असतानाही सोडले नाहीत. सहवैमानिकानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा!

कारण काय निघालं? ती काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. ९० बोल्ट. त्यातले ८४ हवे त्यापेक्षा बारीक, उरलेले ६ आखूड. बारीक म्हणजे किती, तर फरक एक मिलिमीटरचाही नाही. काम करणारा कुणी नवखा पोरगा नव्हता, रात्रपाळीचा अनुभवी प्रमुख होता. माणसं कमी म्हणून काम स्वतःच अंगावर घेतलं. वेळ पहाटे ३ ते ५ ची. कॅटलॉगमध्ये नंबर बघण्याऐवजी जुना बोल्ट हातात धरून अंधुक उजेडात नवे जुळवत बसला. स्टोअरवाल्यानं बरोबर नंबर सांगितलाही होता. आणि गंमत बघा, जुने बोल्टसुद्धा नियमाप्रमाणे नव्हतेच, थोडे आखूड होते. म्हणजे चूक आधीपासून चालत आलेली, आणि 'चालतंय की' म्हणून चाललेली.

मला यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. काही कामं अशी ठरवलेली असतात की ती दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय विमान सोडायचंच नाही. काच बसवणं त्या यादीत नव्हतं. त्या विमानाची काच बाहेरून बसवायची होती, त्यामुळे आतल्या हवेचा सगळा दाब बोल्टवर. तरीही दुसरी नजर नाही.

प्रत्येक वेळी नशीब साथ देत नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये पेरूत विमान धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर टेप लावली आणि काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची आणि वेग खोटे दिसू लागले. विमान समुद्रात कोसळलं, ७० जण गेले. टेप सुपरवायझरला दिसली नाही, उड्डाणाआधी फेरी मारणाऱ्या वैमानिकालाही नाही. पण दोषी ठरला तो टेप लावणारा कामगार. आपल्याकडे डेपोत काय होतं ते वेगळं सांगायला नको, मिस्त्री सस्पेंड आणि साहेब मिटिंगमध्ये.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीवर टीव्हीवर रोज चर्चा झाली. व्हायलाच हवी. पण पहाटे तीनला टॉर्च घेऊन विमानाखाली उभ्या असलेल्या इंजिनिअरच्या झोपेचं काय? आणि हे सगळं तपासायचं ज्या डीजीसीएनं, तिथली जवळपास निम्मी मंजूर पदं रिकामी असल्याचं संसदीय समितीनंच २०२५ मध्ये नोंदवलंय.

गॅरेजवाला म्हणतो, 'दादा, एक बोल्ट कमी आहे, चालेल.' आपणही चालवून घेतो, कारण गाडी बंद पडली तर रस्त्याकडेला उभी करता येते.

आपले खासदार नवीन विमानसेवेचा नारळ फोडायला हमखास येतात. पुढच्या वेळी आले की एवढंच विचारा: रात्रपाळीत किती इंजिनिअर असतात, सलग किती तास काम करतात, आणि डीजीसीएची पदं कधी भरणार? उत्तर मिळालं तर मलाही कळवा, इथेच छापतो.