मगाची उसळ

गेल्या सेमिस्टरला आम्ही चौघींनी हॉस्टेलच्या मेससाठी एक छोटंसं अ‍ॅप बनवलं. मेनू मराठीत, कारण वाचणार मेसच्या मावशी. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा फुकट मिळणारा फॉन्ट घेतला, फ्लटरमध्ये टाकला, 'हॅलो' छापून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या!

दुसऱ्या दिवशी मावशी भडकल्या. "पोरींनो, माझी उसळ मगाची? पहाटे उठून केलीय मी!" बघतो तर काय, 'मुगाची'मधला उकार कापला गेला होता. शिरोरेषाही जागोजागी तुटलेली. मी कॉन्व्हेंटची, माझ्या डोळ्यांना ते खटकलंच नव्हतं.

मग शोधाशोध. ओळीची उंची आम्ही इंग्रजी अक्षरांच्या मापाने पक्की केली होती. मराठीला वर वेलांटी, खाली उकार, जागा जास्तच लागते. 'लेटर स्पेसिंग' वाढवलं की शिरोरेषा तुटते, ते शून्यच हवं. आणि खरी गंमत पुढेच आहे. 'पबस्पेक' फाईलमधलं फॉन्टचं नाव आणि कोडमधलं नाव जुळत नव्हतं, त्यामुळे 'मुक्ता' कधी आलाच नव्हता! एरर नाही, क्रॅश नाही. फोन गुपचूप स्वतःचा फॉन्ट वापरतो. आयफोनच्या नेटिव्ह अ‍ॅपमध्ये तर फाईलचं नाव चालत नाही, फॉन्टच्या आत लिहिलेलं पोस्टस्क्रिप्ट नाव लागतं. अँड्रॉइडच्या 'रेस' फोल्डरमध्ये फाईलच्या नावात एक कॅपिटल अक्षर आलं तर बिल्डच अडतो. पण तो निदान ओरडून सांगतो तरी!

माझं म्हणणं एवढंच, की चूक फॉन्टची नव्हती, आमची होती. मराठी अ‍ॅपची टेस्ट आम्ही 'हॅलो'वर केली. त्यात ना उकार, ना रफार, ना जोडाक्षर. आपण मराठीला शेवटी चिकटवायची गोष्ट समजतो, आणि चुकीचा त्रास होतो तो ज्यांना फक्त मराठीच वाचता येतं त्यांना.

तेव्हा प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी स्क्रीनवर 'दऱ्या' आणि 'दर्या' शेजारी शेजारी लिहून बघा. दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत. खाली 'मुगाची उसळ' लिहा. आणि मग फोन एखाद्या मावशींच्या हातात द्या. त्यांच्यासारखा टेस्टर लॅबमध्ये मिळणार नाही!