हातात दिलेले घड्याळ

तालुक्याच्या शालेय क्रीडास्पर्धांना गेलो की माझे लक्ष धावणाऱ्या मुलांच्या आधी शेवटच्या रेषेपाशी घड्याळ घेऊन बसलेल्या माणसाकडे जाते. ह्याला एक कारण आहे, आणि ते सांगताना मला थोडी लाज वाटते. तरीही सांगतो.

२०११ सालची गोष्ट. बेळगाव जिल्ह्यातील एका सरकारी हायस्कुलात मी तेव्हा मराठी शिकवीत होतो. नववीतल्या एका मुलाचा डावा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून कोपराखाली तुटला होता. स्पर्धांसाठी नावे लिहून घेत असताना तो पुढे आला आणि म्हणाला, "सर, पंधराशे मीटरला माझं नाव घाला." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "अरे, गर्दीत धक्का लागून पडलास तर स्वतःला सावरणार कसा? तू आमच्यापाशी वेळ नोंदवायला बस." आणि स्टॉपवॉच त्याच्या उजव्या हातात दिले. तो काही बोलला नाही. दिवसभर त्याने सगळ्यांच्या वेळा चोख नोंदविल्या. एका दुर्दैवी मुलाला आपण मानाचे काम दिले, ह्या समाधानात मी घरी आलो.

पुढच्याच वर्षी लंडनच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत केनियाच्या अब्राहम तारबेई ह्या धावपटूने हाताचे व्यंग असलेल्यांच्या शर्यतीत १५०० मीटरचे अंतर ३ मिनिटे ५०.१५ सेकंदांत तोडले. हिशाम एल गेरूजने १९९८ साली रोम येथे ३ मिनिटे २६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता. दोहोंतील अंतर अवघे चोवीस सेकंदांचे! ही माहिती माझ्या वाचनात आली ती काही वर्षांनी. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

परंतु वाचकहो, म्हणून हाताच्या व्यंगाने काहीच बिघडत नाही, असे म्हणणे हाही एक प्रकारचा खोटेपणाच होईल. धावताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो. पायांच्या हालचालीने धडाला जो पीळ बसतो, तो हाताच्या झोक्याने फेडला जातो. एक हात अपुरा असला की हा तोल खांद्याने आणि कमरेने सांभाळावा लागतो. १५०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाचे पावणेचार फेरे. त्यात धावपटू घोळक्याने पळतात, कोपर कोपराला लागते, वळणावर धक्के बसतात. माझी भीती अगदीच निराधार नव्हती. चूक एवढीच, की त्या भीतीचे उत्तर मी मुलाला बाहेर बसवण्यात शोधले. क्रीडाजगताने ते वेगळ्या रीतीने शोधले आहे.

ती रीत म्हणजे वर्गीकरण. खेळाडूची शारीरिक तपासणी होते, त्याच्या हालचाली पाहिल्या जातात, आणि सारख्या अडचणीच्या खेळाडूंचा एक गट ठरतो. धावण्याच्या गटांना 'टी' हे अक्षर लावतात. दोन्ही हातांचे व्यंग असलेले टी-४५, एका हाताचे व्यंग कोपराच्या वर असलेले टी-४६ आणि कोपराखाली असलेले टी-४७. पॅरालिम्पिकमधील १५०० मीटरच्या शर्यतीत हे सर्व टी-४६ ह्या नावाखाली एकत्र धावतात. एकदा सर्वांचा तोल सारखाच अवघड झाला, की मग उरतो तो दम, वेग आणि डावपेच. रिओ येथे २०१६ साली अल्जीरियाच्या समीर नुइवाने ही शर्यत जिंकली, तेव्हा त्याला जवळजवळ चार मिनिटे लागली. म्हणजे लंडनपेक्षा पुष्कळच अधिक. कारण मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत वेळेपेक्षा प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवावी लागते. आधी सावध पळायचे आणि शेवटच्या फेऱ्यात झेप घ्यायची, हा खेळ दोन हातांच्या धावपटूंचा तसाच ह्यांचाही. त्याच शर्यतीत युगांडाच्या डेव्हिड इमाँगने रौप्यपदक मिळविले, आणि २०२१ साली टोकियोत पुन्हा कांस्यपदक. आपल्या देशाच्या प्रमोद आणि राकेश भैरा ह्यांनी २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ह्याच शर्यतीत रौप्य आणि कांस्यपदके आणली.

हे दार आपोआप उघडलेले नाही. १९६० साली रोमला पहिली पॅरालिम्पिक झाली ती केवळ चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूंची. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले जवान, ह्यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. त्या वेळीही हात किंवा पाय तुटलेल्या धावपटूला तेथे प्रवेश नव्हता. तो मिळाला १९७६ साली, टोरांटोला.

आणि उघडलेले दार कायम उघडे राहते असेही नाही. लंडनला ऑस्ट्रियाच्या गुंथर मात्सिंगरने टी-४६ गटात ४०० आणि ८०० मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. पुढच्या पॅरालिम्पिकमध्ये ह्या गटाची ८०० मीटरची शर्यतच नव्हती. २०२४ साली पॅरिसला ह्या गटाच्या स्त्रियांसाठी १५०० मीटर नव्हते, आणि कृत्रिम पात्यावर धावणाऱ्यांची मजल ४०० मीटरवरच थांबवलेली होती. शर्यत भरवायची तर पुरेसे स्पर्धक हवेत, असे संयोजक म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण नावे नाहीत म्हणून शर्यत नाही, आणि शर्यत नाही म्हणून नावे नाहीत, असे हे चक्र आहे. ते तोडायचे कोठे? मला वाटते, जेथे पहिले नाव लिहिले जाते तेथे. म्हणजे शाळेच्या वहीत. हिमाचलमधील निषाद कुमारचा हात वयाच्या आठव्या वर्षी गवत कापण्याच्या यंत्रात गेला. पुढे त्याने उंच उडीत टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ठिकाणी रौप्यपदके मिळविली. माझ्या विद्यार्थ्याचे आणि त्याचे यंत्र एकाच जातीचे. निषादचे नाव कोणीतरी लिहून घेतले. ह्याचे मी घेतले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास तो मला बसस्थानकावर भेटला. दूध संकलन केंद्रात काम करतो; लग्न झाले आहे. वाकून नमस्कार केला, चहा पाजला. मीच तो जुना विषय काढला आणि चुकलो असे म्हणालो. तो हसला. म्हणाला, "सर, त्या दिवशी पहिल्या आलेल्या पोराची वेळ मला अजून पाठ आहे. चार मिनिटं अडतीस. दुसऱ्या दिवशी पहाटे मीपण तळ्याच्या वाटेनं तेवढाच पळालो." "मग? किती वेळ लागला?" मी विचारले. तो म्हणाला, "कुणास ठाऊक, सर. घड्याळ धरायला कोण नव्हतं."

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. घड्याळ मी त्याच्या हातात दिले होते; त्याच्यासाठी ते धरायला हवे होते, हे मला चौदा वर्षांनी उमगले.

आता मुख्याध्यापक ह्या नात्याने मी शिक्षकांना एकच गोष्ट सांगतो. नावे घेताना कोणत्याही मुलाला आपणहून "तू बस" असे म्हणू नका. आधी त्याला विचारा, पळशील का? पळतो म्हणाला तर त्याचे नाव लिहा, सराव करून घ्या, पुढच्या स्पर्धांची चौकशी करा. २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीला खेलो इंडियाच्या पहिल्या पॅरा स्पर्धा झाल्या; म्हणजे शाळेच्या मैदानापलीकडेही आता वाट आहे. मुलगा शेवटचा आला तरी हरकत नाही. शेवटच्याचीही वेळ नोंदवायची असते, आणि ती त्याला सांगायची असते.