सायलेन्सरपलीकडची तपासणी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७६ किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ करून घ्यावा लागतो. तो उत्तीर्ण झाल्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. किमान ३५ वर्षे जुन्या, हौसेने जपलेल्या गाड्यांना यातून सूट द्यावी, असे विधेयक २०२५ मध्ये तेथे मांडले गेले. जुन्या गाड्यांचे संग्राहक आणि विनोदी कलावंत जे लेनो यांनी त्याची पाठराखण केली. तरीही ऑगस्टमध्ये ते विधिमंडळाच्या समितीत अडकले. हौशी मंडळी नाराज झाली. मात्र हा वाद केवळ हौसेचा नाही. गाडीचे प्रदूषण नेमके मोजायचे कसे, हा त्यातला खरा प्रश्न आहे आणि तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो इंजिन बदललेल्या गाड्यांच्या बाबतीत.

थकलेले इंजिन काढून त्या जागी जपानहून आलेले वापरलेले इंजिन बसवण्याची तेथे जुनी पद्धत आहे. जपानमध्ये नव्या खासगी मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. ती खर्चिक असल्याने अनेक जण गाडी लवकर विकतात. त्यामुळे कमी धावलेली इंजिने परदेशी बाजारात येतात. इंजिन दणकट, किंमत परवडणारी आणि गाडीला नवे आयुष्य, असा हा व्यवहार असतो.

अडचण तपासणीच्या वेळी येते. इंजिन बदललेली गाडी नेहमीच्या केंद्रातून राज्याने नेमलेल्या ‘रेफरी’कडे पाठवली जाते. बदललेले इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते. त्या इंजिनासोबत मूळ आलेली सर्व प्रदूषण नियंत्रण साधने जागेवर आणि चालू स्थितीत लागतात. जपानी बाजारासाठी बनलेले इंजिन अमेरिकेत प्रमाणित झालेल्या इंजिनाशी जुळते की नाही, हेही पाहिले जाते. सगळे जुळले, तर रेफरी गाडीवर ओळखपट्टी लावतो आणि पुढच्या तपासण्या साध्या केंद्रात होतात. एखादी नळी किंवा सेन्सर नसला, तर सायलेन्सरमधून येणारे आकडे चांगले असूनही गाडी नापास होऊ शकते.

वरवर हा कागदी जाच वाटतो, पण त्यामागे शास्त्र आहे. पेट्रोल गाडीतील उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तीन घातक वायू एकाच वेळी कमी करतो : कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स. हे जमण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ राहावे लागते. ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो आणि संगणक पेट्रोलची मात्रा क्षणोक्षणी बदलतो. इंजिन, संगणक, सेन्सर आणि उत्प्रेरक ही एकमेकांशी बांधलेली साखळी असते. काही जपानी इंजिनांत ज्वलनाचे तापमान उतरवणारी, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी झडपच नसते. टाकीतील पेट्रोलची वाफ पकडणारा कोळशाचा डबा जोडायचा राहिला, तर गाडी बंद असतानाही प्रदूषण करते. सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीला ते कळतच नाही.

हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे कोडे रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात उलगडले. हा ओझोन श्वासनलिकांना सूज आणतो आणि दम्याचा त्रास वाढवतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या काळातील दोन हजारांहून अधिक मुलांची ११ ते १५ या वयात तपासणी केली. नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म धूलिकण कमी होत गेले, तशी मुलांच्या फुप्फुसांची वाढ सुधारली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात दिसले. हवा सुधारण्यामागे कारणे अनेक होती. पण नियम कशासाठी, याचे उत्तर या मुलांच्या छातीत सापडते.

सूट मागणाऱ्यांचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही. जुन्या गाड्या थोड्या आहेत आणि कमी चालतात. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. मात्र थोड्या बिघडलेल्या गाड्या एकूण प्रदूषणात आपल्या संख्येपेक्षा कितीतरी मोठा वाटा उचलतात, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची मान्यता आणि नोंदणी पुस्तकात नोंद लागते. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. पण पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसी केंद्रात पेट्रोल मोटारीची तपासणी मुख्यतः जागच्या जागी, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांच्यापुरती होते. नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजली जात नाहीत. उत्प्रेरक काढून टाकला आहे का, हे सहसा कोणी वाकून पाहत नाही. तेव्हा पीयूसीचा कागद खिशात असणे म्हणजे गाडी स्वच्छ असणे नव्हे. गॅरेजमध्ये ‘हा भाग काढला तर पिकअप वाढेल’ असे कोणी सुचवले, तर तो भाग कशासाठी होता, हे आधी विचारलेले बरे.